डोळ्यातला बुडबुडा

जयवंतामावशींच्या डोळ्यांकडे पाहून त्यांना दिसत नाही असं कुणालाही वाटत नाही. डावा डोळा जरा लहान झालाय, पण उजवा इतका स्वच्छ आहे की नव्यानं भेटायला आलेली बाई हमखास म्हणते, "अय्या, डोळे तर छान आहेत की!" मावशींचे यजमान नामदेवकाका चहा आणण्याच्या निमित्तानं आत निघून जातात.

धारूरकरांचं घर आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नारायणगुड्याच्या मोठ्या रस्त्यापासून आत दोन वळणांवर. काका हायकोर्टाच्या रेकॉर्ड सेक्शनमधून निवृत्त झालेले. त्यांचे आजोबा निजामाच्या काळात धारूरहून इकडे नोकरीला आले, ते इथलेच झाले. काकांना मराठीत सुरू केलेलं वाक्य उर्दूत संपवायची सवय आणि बोलता बोलता समोरच्याला हसवायचीही. मावशी त्यांच्या अगदी उलट. बोलणं कमी, हात सतत कामात. सबंध हैदराबादच्या मराठी घरांत त्या 'हलव्याच्या मावशी' म्हणून ओळखल्या जायच्या.

संक्रांतीला नव्या सुनेला आणि बोरन्हाणाला लहान मुलांना हलव्याचे दागिने घालतात. ते घडवणारं शहरात दुसरं कोणी उरलं नव्हतं. थंडी पडली की मावशींच्या मागच्या ओसरीत शेगडी पेटायची. परातीत खसखस आणि तीळ घेऊन, वरून चमचा चमचा पाक सोडत, मंद आचेवर त्या तास न् तास बोटांनी दाणे फिरवत राहायच्या. दाण्याला काटा फुटायला लागला की त्यांचा चेहरा खुलायचा. मग ते दाणे दोऱ्याच्या गाठीत एकेक पकडून हार, बाजूबंद, बिंदी, मुकुट. साखरेच्या दाण्याला भोक पाडता येत नाही. गाठ सैल पडली तर दाणा निसटतो, जास्त आवळली तर फुटतो. या कामाला बोटं लागतात, पण बोटांच्या आधी डोळे लागतात.

आणि मावशींकडे डोळा एकच होता. लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा. अशा डोळ्यांचा आतला पडदा पातळ असतो, तो फाटून सुटू शकतो, हे त्यांना डावा डोळा गेला तेव्हा कळलं. विवेक, त्यांचा एकुलता एक मुलगा, तेव्हा शाळेत होता. डोळ्यासमोर एका बाजूनं काळी सावली चढायला लागली, तर मावशींना वाटलं उपासानं पित्त झालं असेल. महिनाभर त्यांनी आवळ्याचा रस घेतला. मग मोठं ऑपरेशन झालं. डोळ्याभोवती पट्टा आवळला, टाके घातले, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या ठेवून त्यांना कितीतरी दिवस हलू दिलं नाही. घरात सगळे चवड्यांवर चालायचे. शेजारच्या तेलुगू बाईंनी सकाळचा रेडिओ बंद ठेवला होता. एवढं करूनही तो डोळा गेलाच.

म्हणून २००५ च्या नोव्हेंबरात उजव्या डोळ्यात विजा चमकायला लागल्या, काळ्या मुंग्या फिरायला लागल्या, तेव्हा मावशींनी परात तशीच खाली ठेवली आणि काकांना म्हणाल्या, "ऑटो आणा. तेच आहे."

डॉक्टर तरुण होते, तेलुगू, मोडक्या हिंदीत फार गोड बोलायचे. त्यांनी कागदावर गोल काढून समजावलं. भिंतीवरचा रंगाचा पापुद्रा सुटावा तसा पडदा सुटलाय. आता पूर्वीसारखं कापायचं नाही. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागात तीन बारीक छिद्रं. एकातून पाणी आत सोडायचं म्हणजे डोळा बसणार नाही, दुसऱ्यातून उजेड, तिसऱ्यातून सुईएवढं कातरणारं हत्यार. डोळ्यातला तो जेलीसारखा रस काढून टाकायचा, पडदा जागेवर बसवायचा, लेसरनं डागायचा आणि वरून दाबून ठेवायला आत गॅस भरायचा.

"टाके?" मावशींनी विचारलं.

"टाका नहीं अम्मा. छेद अपने आप बंद हो जाता."

"पट्टी किती दिवस?"

"कल सुबह निकाल देंगे."

मावशींना ते खरं वाटेना. त्यांच्या लेखी डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे वाळूच्या पिशव्या. काकांच्या छातीवरचं ओझं मात्र तिथल्या तिथे उतरलं. "अरे वा! म्हणजे कान टोचल्यासारखं म्हणा की!"

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं, मान खाली. बसताना, जेवताना, झोपताना, मान खालीच. बुडबुडा वर तरंगतो, म्हणून मान खाली असली की तो मागच्या पडद्याला दाबून धरतो. आणि मग म्हणाले, "जब तक गॅस है, हवाई जहाज में बिल्कुल नहीं बैठना. ऊपर जाने से गॅस..."

काकांनी त्यांना पुढे बोलूच दिलं नाही. हात जोडून म्हणाले, "डॉक्टरसाब, हमारे खानदान में हवाई जहाज कौन देखा? हम लोगां तो नामपल्ली से गाडी पकडनेवाले!"

नर्स हसली, डॉक्टर हसले, काकांच्या पाठीवर थाप मारून पुढच्या पेशंटकडे वळले.

तो विनोद काकांनी त्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगितला. "डॉक्टर म्हणतो, विमानात बसू नका. मी म्हटलं, बरं झालं सांगितलंत, रोज बेगमपेटच्या विमानतळावर जायची सवय होती!" ऐकणारा हसायचा. मीही हसले होते. दहा वेळा सांगून झाल्यावर ती सूचना राहिलीच नाही, काकांचा किस्सा झाली.

मावशी खाली मान घालून बसलेल्या असायच्या, पाटावर उशी आणि उशीवर कपाळ. बघायला येणाऱ्यांची पंचाईत व्हायची. ना पट्टी, ना टाके, डोळा जरासा लाल. सुलतान बाजारातल्या त्यांच्या नणंदबाई आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "हे कसलं ग ऑपरेशन? काही दिसतच नाही. मी उगाच मोसंबी आणली."

"द्या मोसंबी," मावशी जमिनीकडे तोंड करून म्हणाल्या. "आणि चपला बाहेर काढा वन्सं, पाऊल वाजलं तेव्हाच ओळखलं मी तुम्हाला."

त्या दिवसांत त्यांचं जग जोडव्यांच्या आणि टाचांच्या आवाजांचं होतं. आणि त्याच दिवसांत पुण्याहून विवेकचा फोन आला. त्याच्या मुलाचं, ईशानचं बोरन्हाण संक्रांतीला करायचं ठरलं होतं. पहिला नातू. "आई, तुला जमणार नाही. श्रुती म्हणते, इकडे तयार दागिने मिळतात."

मावशींनी फोन काकांच्या हातात दिला आणि मला हाक मारली. "हलवा डब्यात आहे, नोव्हेंबरात काढलेला. तू दोरा ओवून दे. मान खालीच घालायची आहे ना मला? मग बिनकामाची कशाला घालू?"

डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, वाकून काही करत असतील तर करू द्या. मग रोज दुपारी मी सुईत दोरा ओवायची आणि मावशी गाठी मारायच्या. सुरुवातीला तर नुसत्या चाचपूनच, कारण बुडबुड्यातून काहीच धड दिसत नव्हतं. पाण्याखाली डोळे उघडल्यासारखं, म्हणायच्या. मग एक दिवस त्यांनी मान वर केली आणि माझ्या डोक्याकडे निरखून बघू लागल्या.

"काय झालं मावशी?"

"वरचं दिसतंय. तुझा भांग दिसतोय. नाक नाही दिसत."

गॅस हळूहळू विरत होता आणि डोळ्यात वरून खाली नजर मोकळी होत चालली होती. बुडबुड्याची कड त्यांना रोज दिसायची, भांड्यातल्या पाण्याची पातळी दिसावी तशी, हलणारी. आज तुझ्या कपाळापर्यंत, आज कुंकवापर्यंत, असं त्या मला सांगायच्या. माझं नाक दिसलं त्या दिवशी त्यांनी मला गूळपोळी खायला घातली. "हनुवटी दिसली की ईशानचं तोंड दिसेल अख्खं," म्हणाल्या. नातू सहा महिन्यांचा झाला होता आणि त्यांनी त्याला फोटोतच पाहिलं होतं.

दागिने फार सुंदर झाले होते. छोटे बाजूबंद, कंबरपट्टा, एक इवलीशी बासरी आणि मुकुट. मुकुटाला मधोमध मोरपिसाचा आकार, तोही पांढऱ्या दाण्यांचाच. काळ्या कापडावर ठेवला की काटेरी चांदणं सांडल्यासारखा दिसायचा. आयुष्यात एवढा चांगला मुकुट आपण केला नव्हता असं मावशी स्वतःच म्हणाल्या, आणि स्वतःच्या कामाला त्या कधी चांगलं म्हणत नसत.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी तपासलं. पडदा चिकटला होता. काकांनी विचारलं, "पुण्याला नातवाकडे जाऊ का? गाडीनं?"

"जाओ जाओ," डॉक्टर म्हणाले. "संभाल के."

काकांनी ती परवानगी घरी आणली, आणि तिथून पुढे सगळं सरळ उतारानं घडत गेलं. रेल्वेचं तिकीट वेटिंगमध्ये होतं. संक्रांतीला हैदराबादेत गाड्यांची काय अवस्था असते हे इथल्याला सांगायला नको. गावी जाणाऱ्यांनी डबे फुटतात. तिकीट शेवटपर्यंत कन्फर्म झालं नाही. काका म्हणाले, रात्रीची बस आहे. मावशींनी मुकुटाचा डबा पुढे ओढून घेतला आणि म्हणाल्या, "बसमध्ये? जहीराबादच्या पुढे रस्ता कसा आहे माहीत आहे ना? पुण्याला साखरेचा भुगा पोचेल."

विवेकनं ऐकलं आणि हसून म्हणाला, "बाबा, आता बसच्या भावात विमानं झालीत. मी इथून कॉम्प्युटरवर तिकीट काढतो. तासाभरात पोचाल, आईच्या मुकुटाचा एक दाणा हलणार नाही."

हे वाक्य ऐकून मावशी तयार झाल्या. गल्लीत चर्चा झाली ती दागिन्यांचीच. डबा मांडीवर ठेवू देतील का, का वर ठेवायला लावतील? एक्सरे मशीनमध्ये साखर वितळते का? आमच्या घरमालकांनी तर कापसाची गादी सुचवली. काकांनी नवा सफारी शिवला. "बघा, डॉक्टरला खोटं पाडतोय," निघताना काका ऑटोत बसून म्हणाले, आणि आम्ही दारात उभे राहून हात हलवले. ते म्हणाले त्याचा अर्थ एकाच्याही डोक्यात शिरला नाही. त्यांच्याही नाही.

पुढचं मला काकांनी तुकड्या-तुकड्यांत सांगितलं, थोडं त्यांच्या सुनेनं, श्रुतीनं. मावशींनी एकदाच सांगितलं, नंतर पुन्हा कधी नाही.

विमानात मावशींना मधली जागा, काकांना खिडकी. डबा मांडीवर. हवाई सुंदरीनं तो वर ठेवायला मागितला तर मावशींनी दोन्ही हातांनी धरून ठेवला, ती हसून निघून गेली. विमान वर चढायला लागलं आणि मावशींच्या डोळ्यात ठणका सुरू झाला. त्यांना वाटलं, सगळ्यांना कानाला होतं म्हणतात, तसं आपल्याला डोळ्याला होत असेल. मग त्यांनी पाहिलं, बुडबुड्याची कड वर सरकते आहे. महिन्याभरात जी रोज दाण्यादाण्यानं खाली उतरली होती, ती त्यांच्या डोळ्यांसमोर वर चढत होती. पुढच्या खुर्चीची पाठ बुडाली. पुढे बसलेल्या माणसाचं टक्कल बुडालं. दिवा बुडाला. डोळा दगडासारखा घट्ट झाला आणि मग सगळं करडं झालं, मग काळं.

"बघ जयवंता, ढग! खाली ढग!" काका लहान मुलासारखे खिडकीला नाक लावून बसले होते.

"हं," मावशी म्हणाल्या.

एवढंच बोलल्या त्या. आजूबाजूला सगळे एवढे शांत बसलेले, चांगले कपडे घातलेले. तिथे ओरडायचं कसं, आणि ओरडून थांबवायचं काय, रिक्षा आहे का ती? त्यांनी डबा घट्ट धरून ठेवला. विमान उतरताना ठणका कमी झाला तसं त्यांना वाटलं, आता परत दिसेल. पण दिसलं नाही. एका कोपऱ्यात मळकट उजेड होता, फडक्यातून दिव्याकडे पाहावं तसा.

विमानतळावर विवेक पाया पडला. मावशींनी त्याच्या आवाजावरून डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. "थकलीस का ग?" त्यानं विचारलं. "जरा," म्हणाल्या. घरी गेल्यावर बाळ मांडीवर दिलं. त्यांनी त्याची हनुवटी चाचपून पाहिली. लोकांना वाटलं, आजी लाड करतेय. दुसऱ्या दिवशी चाळीस माणसं यायची होती, श्रुतीचं सगळं माहेर यायचं होतं. मावशींनी ठरवलं, उद्याचं होऊ दे. सणाच्या घरात आपलं रडगाणं नको. त्यांच्या पिढीच्या बायका असंच ठरवतात, आणि त्याला शहाणपण म्हणतात.

बोरन्हाणाला त्यांनी स्वतः दागिने चढवले. बोटांना सगळं पाठ होतं. मुकुट बरोबर कपाळावर बसला. बायका म्हणाल्या, काय काम आहे, पुण्यात असं मिळत नाही हो आता. एक दाणासुद्धा निखळला नव्हता. मग औक्षणाचं ताम्हण त्यांच्या हातात दिलं. बाळ कुठे बसलंय ते त्यांनी त्याच्या खुदखुदण्यावरून ताडलं, पण तेवढ्यात कुणीतरी त्याला खेळवायला पुढे ओढलं. निरांजनाची ज्योत बाळाच्या काळ्या झबल्याच्या दिशेनं गेली.

श्रुतीनं त्यांचं मनगट पकडलं. तूप सांडलं, वात विझली.

"आई," श्रुती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला दिसत नाहीये."

"अंधुक दिसतंय," मावशी खोटं बोलल्या.

तेवढ्यात ईशाननं मुकुटाची दोरी ओढली, एक दाणा तोंडात घातला, आणि सगळ्यांना हसायला काहीतरी मिळालं. बोरं, चुरमुरे, उसाचे करवे डोक्यावरून सांडले. मुलांनी झुंबड केली. मावशी भिंतीला टेकून त्या आवाजात बसून राहिल्या.

पुण्याच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि एकच विचारलं, "आजी, इकडे कशा आलात?"

परत येताना ते गाडीनं आले, कारण आता गर्दी नव्हती. तिकिटं आरामात मिळाली. नामपल्लीला मी उतरवून घ्यायला गेले होते. काकांच्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात मावशींचं कोपर, आणि जिन्यापाशी आल्यावर त्यांना कळेना की पायरी आहे हे सांगायचं कसं. "जिना," ते नुसते म्हणाले. "जिना, जिना."

आपल्या डॉक्टरांकडे दोघांबरोबर मी गेले. तपासून झाल्यावर डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. पडदा अजूनही जागेवर चिकटलेला होता, त्यांनी केलेलं काम धाग्याएवढंही हललं नव्हतं. पण उंचीवर गॅस फुगला, त्यानं डोळ्यातली रक्ताची नस दाबली, आणि पडदा रक्तावाचून मेला. रेल्वेचा रस्ता हैदराबादपासून पुण्यापर्यंत जवळजवळ एकाच उंचीवर आहे, गाडीनं आला असतात तर काहीच झालं नसतं, हे त्यांनी विचारल्याशिवायच सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांना ते सांगितल्याचं वाईट वाटलं असावं.

"मैंने बोला था ना, अंकल?"

काकांनी तोंड उघडलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणतील, दागिने मोडले असते म्हणतील. त्यांनी डॉक्टरांसमोर हात जोडले, तसेच जसे त्या दिवशी विनोद करताना जोडले होते, आणि तसेच बसून राहिले. नर्स पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला लागली तरी हात सुटेनात. मावशींनी चाचपडत ते हात शोधले आणि खाली केले.

त्यानंतर काका कधी किस्से सांगत नाहीत. दुकानात गेले तरी जे हवं त्याचं नाव घेतात आणि पैसे देऊन परततात. विवेक दर रविवारी फोन करतो आणि दर वेळी म्हणतो, तिकीट मी काढलं. मावशी म्हणतात, मी बसले. दोघांचंही खरं आहे आणि त्यानं काही होत नाही.

दुसऱ्या संक्रांतीला दोघी-तिघी चौकशी करून गेल्या. तिसऱ्या वर्षी कुणी आलं नाही. सुलतान बाजारात आता प्लॅस्टिकच्या मण्यांचे दागिने मिळतात, दिसतात हुबेहूब हलव्यासारखेच, मोडत नाहीत, पुढच्या मुलालाही चालतात. नणंदबाईंनी एक जोड आणून मावशींच्या हातात दिला. मावशींनी मण्यावरून बोट फिरवलं. "काटा नाही," म्हणाल्या, आणि परत दिला.

परवा मी गेले तेव्हा त्या ओसरीत बसल्या होत्या. शेगडी माळ्यावर गेली, परात कुंडीखाली ठेवली आहे. मावशी पाटावर, मान पुढे झुकलेली, हनुवटी छातीला लागलेली, अगदी ऑपरेशननंतर बसायच्या तशा. मी म्हटलं, "मावशी, आता कशाला हो मान खाली? गॅस तर केव्हाच गेला. वर करा."

त्यांनी मान वर केली. तो स्वच्छ, कुठे टाका नसलेला डोळा माझ्या खांद्याच्या जरा बाजूला रोखला.

"केली," म्हणाल्या. थोडा वेळ तशाच राहिल्या, मी काही म्हणते का याची वाट बघत. मग मान पुन्हा हळूहळू आपल्या जागी गेली.